वामनबुवा नाहीत, बाकी सगळे आहेत

तिकिटाच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाकडं किस्से आपोआप साचतात. तिकीट फाडायचं, अर्धं गिऱ्हाइकाला द्यायचं, अर्धं डब्यात टाकायचं. किश्शाचंही तसंच. अर्धा गिऱ्हाईक घेऊन जातं, अर्धा आपल्याकडं राहतो. माझा डबा कधीचाच भरून वाहून राह्यलाय!

लोक म्हणतात, "आजी, लिहून काढा." काढते. पण शुद्धलेखन तपासायला कुणी येऊ नका. मी शाळेची पायरी चढलेली नाही. नाटकाच्या हँडबिलांवरून अक्षरं शिकले. त्यामुळं मोठ्या टायपातल्या थापा आधी वाचता आल्या, बारीक टायपातलं खरं नंतर!

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आमच्या संगीत नाटक कंपनीचा मुक्काम जालन्याला होता, सरकीच्या बाजारामागं, पत्र्याच्या मांडवात. आमचे हे तबल्यावर आणि मी बायकांच्या खिडकीत. पुरुषांची खिडकी वेगळी, बायकांची वेगळी. कंपनीचे मालक दाजीसाहेब. कंपनी चालली तर माझी खिडकी राहणार. कंपनी बसली तर आम्ही दोघं परत तीर्थपुरीला, दिराच्या घरी. तिथं जाऊबाईंचं पक्कं मत होतं की वाचणाऱ्या बाईच्या हातची भाकर करपते. मी हँडबिल वाचायला घेतलं की त्या ते चुलीत घालायच्या. आता बोला, कंपनी चालावी असं दाजीसाहेबांना जास्त वाटत असेल का मला?

*

कंपनीची नायिका वामनबुवा. हसू नका! त्या काळात नायिकेला रोज दाढी करावी लागायची.

हँडबिलावर त्यांचं नाव "संगीत-मैना वामनबुवा", सगळ्यात मोठ्या टायपात. नाटकाचं नाव त्याच्याखाली, त्याहून लहान. जालन्यातल्या बाया घरी जाऊन आरशापुढं उभ्या राहायच्या आणि बुवा घ्यायचे तस्साच पदर घ्यायच्या, डाव्या खांद्यावरून, मानेला जरा झोक देऊन. वर्षभरात गावातली एकही बाई जुन्या पद्धतीनं पदर घेईना!

पण बुवा आज काम करणार की नाही, हे गावाला कळायचं कसं? हँडबिलावर कुणाचाच भरोसा नव्हता. गावाचा भरोसा गणपत न्हाव्यावर होता. रोज बराबर चार वाजता गणपत काखेत वस्तऱ्याची धोकटी मारून आमच्या बिऱ्हाडात शिरायचा. तो शिरला की बाजारात ओरडा, "गणपत गेला! गणपत गेला!" आणि दोन्ही खिडक्यांवर उडी. एकदा गणपतला ताप आला तर आमची निम्मी तिकिटं पडून राहिली. नायिका ठणठणीत होती, बरं का! ताप न्हाव्याला, आणि नाटक आजारी!

*

आणि एका सोमवारी बुवाच गायब. उशीवर चिठ्ठी, "घसा बसला आहे. विश्रांती घेतो."

पुढं कळलं, घसा बसला होता तो मनमाडच्या गाडीत. बोलपटात हिरो व्हायला बुवा कोल्हापूरला गेल्ते.

दाजीसाहेबांनी डोकं धरलं नाही. त्यांनी गणपतला धरलं. "तू रोजच्यासारखा चारला यायचं. आत जायचं, बसायचं, निघायचं. बाकी मी बघतो."

दोन दिवस बिलकुल कुणाला पत्ता लागला नाही. तिकिटं गेली, खेळाच्या वेळी "अचानक प्रकृती" वगैरे सांगून वेळ मारून नेली. तिसऱ्या दिवशी गणपतला आत बसायचा कंटाळा आला. चारला गेला, चार वाजून पाच मिनिटांनी बाहेर. माझ्या खिडकीसमोर बायांची लाईन. पहिलीनं पैसे पुढं केले होते, ते मागं घेतले.

"का वो बाई?" मी म्हणाले.

"हे बघ, मला शिकवू नको," ती म्हणाली. "दाढी, मंग हात, मंग गळा. पाच मिंटात राजकन्या व्हते का कुठं?"

सगळी लाईन घरी गेली!

*

मग खरं सांगणं भाग पडलं, म्हणून दाजीसाहेबांनी नायिका बदलली. नवी नायिका तात्या. तात्या कंपनीत वीस वर्षं ऋषीचा पार्ट करत होते. वय पन्नास, पोट त्याहून थोडं पुढं. पण गाणी सगळी पाठ आणि गळा, खरं सांगते, बुवांपेक्षा गोड. वीस वर्षं दाढीआड झाकलेला होता म्हणून कुणाला माहीत नव्हता.

पहिल्या अंकात राजकन्या बागेत आली. पुढच्या रांगेतून एक जण ओरडला, "लगीन लई लांबलं म्हणायचं!"

तात्या डगमगले नाहीत. पद म्हणाले, झकास म्हणाले. मग राजपुत्र आला, गुडघ्यावर बसला, "प्रिये!" म्हणाला. आणि वीस वर्षांची सवय! समोर कुणी गुडघ्यावर बसलं की तात्यांचा हात वर जायचा. गेला. भरल्या मांडवात राजकन्या राजपुत्राला म्हणाली, "पुत्रा, चिरंजीव भव!"

पुरुषांकडचा निम्मा मांडव उठून खिडकीवर. "पैसे परत!"

*

त्या गर्दीत सगळ्यात मोठा आवाज एका बड्या साहेबांचा. खातं कोणतं ते सांगत नाही. जे खातं फुकट पास घ्यायचं ते, एवढं पुरे. म्हणजे तुम्हाला ओळखता यायचं नाही, कारण सगळीच घ्यायची.

"मैना किधर है? हमारा पैसा वापस करो!"

दाजीसाहेब हात जोडून म्हणाले, "साहब, आपका तो पास था."

"तो क्या हुआ? पास फुकट था, हम फुकट के नहीं!"

दाजीसाहेबांनी माझ्याच डब्यातून दोन रुपये काढून दिले. बायांच्या तिकिटाचे! साहेबांनी ते मोजून खिशात घातले.

दुसऱ्या दिवशी साहेब परत आले, पाच पास मागायला. बुवा येणार नाहीत याची आधी खात्री करून घेतली!

*

चौथ्या दिवशी दाजीसाहेब म्हणाले, "झालं. शनिवारपर्यंत बघतो, न्हाईतर मांडव उतरवतो." आमच्या यांनी तबला गवसणीत घातला. माझ्या डोळ्यापुढं जाऊबाईंची चूल आली.

त्याच दिवशी मंठ्याहून दोन गाड्या आल्या. जमीनजुमल्याची मोठी घरं, मुक्कामाच्या तयारीनं आलेली. तिकिटं काढून पुरुष उजवीकडं बसले, बाया मधल्या पडद्याच्या डावीकडं. तात्या बागेत आले आणि उजवी बाजू उठली. पुरुषांच्या खिडकीनं पैसे परत केले. त्यातले एक पाटील माझ्याकडं येऊन म्हणाले, "आमच्या मंडळीला सांगा, निघायचंय. बुवा न्हाई, काय न्हाई."

मी आत जाऊन निरोप दिला. पाटलीणबाई ऐसपैस मांडी घालून बसल्या होत्या. हलल्या नाहीत.

"त्यो न्हाई आला तर न्हाई आला," त्या म्हणाल्या. "आमी आलोत न! चार सालांत पहिल्यांदा घराभाईर पडले मी. सासूला काय सांगितलं, पोरं कुणाकडं ठिवली, ते त्या बुवाला माहीत है का? आमच्या यांना म्हनाव, बैलं धरून बसा."

आणि सगळ्या बायांनी एका सुरात स्टेजकडं बघून ओरडा केला, "चालू करा!"

डावीकडची एकही बाई उठली नाही. आणि बायाच उठेनात तर गाड्या निघणार कशा? पुरुष मांडवाबाहेर उकिडवे बसले. थंडी पडली, आतून तात्यांचं गाणं ऐकू यायला लागलं. थोड्या वेळानं एकेक जण खिडकीवर आला. दाजीसाहेबांनी परत दिलेल्या पैशांत परत तिकिटं विकली!

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाजीसाहेबांना गाठलं.

"दुपारी खेळ ठिवा. फक्त बायांचा. पुरुषांना मज्जाव."

"बायांच्या भरवशावर कंपनी चालती का, बाई?"

"पुरुषांच्या भरवशावर चालत न्हाई, हे तर आपण चार दिस पाहून राह्यलोत!"

ते गप्प बसले. गप्प बसलेल्या माणसाची मी परवानगी धरते, सवयच आहे. हँडबिल मी लिहिलं, माझ्या हातानं. "वामनबुवा नाहीत. बाकी सगळे आहेत. फक्त बायांसाठी. दुपारी घरी जेवून या, दिवे लागायच्या आत घरी जा." छापखानेवाल्यानं चष्मा वर केला. "मोठ्या टायपात काय घेऊ?"

"नाहीत," मी म्हणाले.

"अहो बाई, जे आहे ते मोठं छापतात!"

"तेच छापून तर ही वेळ आली!"

शनिवारी टांग्यांवर टांगे. टेंभुर्णीच्या व्यापाऱ्यांच्या लेकीसुना, वकिलांच्या बायका, शेतावरून हात धुऊन आलेल्या कुणबिणी. एक बुरख्यातल्या बेगमसाहेबा खिडकीशी वाकून म्हणाल्या, "अंदर मर्द तो कोई नहीं ना?"

"स्टेज पर हैं," मी म्हणाले, "लेकिन आधे साड़ी में हैं."

त्यांनी सहा तिकिटं घेतली!

*

आणि आता तो शेवटचा किस्सा.

बायांचा तिसरा खेळ, तिसऱ्या शनिवारचा. साडेतीनच्या सुमाराला लाईनीत मध्येच एक माणूस घुसला. नाकापर्यंत मफलर. मफलर खाली केला तर काळीभोर मिशी. बोलताना राजकन्येसारखी करंगळी हनुवटीला लावली, म्हणून ओळखलं.

"बाई, मला ओळखलं न्हाई?"

"ओळखलं न, बुवा. मिशी नवी दिसते."

"हिरोचा पार्ट होता," बुवा हळूच म्हणाले. "मशीनमधून आवाज बाईचा येतो म्हणले."

"ते सांगायला कोल्हापूर कशाला लागतं?"

बुवांनी मिशीवरून बोट फिरवलं. लाईनीकडं एक नजर टाकली. "ही गर्दी कशाची? मला आत जाऊ द्या. किती जागा रिकाम्या हायत, तेवढं पाहतो."

"पुरुषांना मज्जाव."

"अहो, पण मी नायिका आहे!"

"मिशीसकट?"

"दाजीसाहेबांना बोलवा!"

मी बोट दाखवलं. दाजीसाहेब रस्त्यापलीकडं लिंबाखाली स्टुलावर बसले होते. "मालक हायत तरी भाईर हायत. नियम म्हणजे नियम."

मागून आवाज आला, "ओ दादा, बाजूला व्हा! बायांची लाईन है." मंठ्याच्या पाटलीणबाई! परत आल्या होत्या, आणि या खेपेला सासूला घेऊन!

बुवा गेले. थोड्या वेळानं समोरच्या धर्मशाळेकडं गणपत पळत जाताना दिसला, काखेत धोकटी. सगळ्या लाईनीनं पाहिला. कुणी हललं नाही, कुणी ओरडलं नाही. तिकिटं हातात होती.

खेळ सुरू झाला. आत तात्यांचं पहिलं पद झालं आणि बायांकडून आवाज आला, "वन्स मोअर!" खिडकी लावायला मी हात घातला तर बाहेर एक उंच बाई उभी. पदर तस्साच, डाव्या खांद्यावरून, मानेला झोक देऊन. जालन्यातल्या सगळ्याच बाया तसा घ्यायच्या, त्यामुळं कुणी वळून पाहिलं नाही.

बारीक आवाजात तिनं विचारलं, "आज वामनबुवा आहेत का?"

"न्हाईत," मी म्हणाले.

तिनं कान मांडवाकडं लावला. आत तात्यांनी तेच पद परत धरलं.

"तिकीट है का?"

"एकच. शेवटच्या रांगेत, खांबाआड. दिसत काही न्हाई, ऐकू येतं."

"द्या," ती म्हणाली.

दिलं. अर्धं तिला, अर्धं डब्यात.