आडवे शब्द बाबांचे

माझ्या बाबांनी आयुष्यात कुणाचं तोंडभर कौतुक केलं नाही. दहावीला मला मराठीत ब्याण्णव गुण मिळाले, तर म्हणाले, "उरलेले आठ कुठे सांडलेस?"

नियमांवर त्यांचं पोटच्या पोरीपेक्षा जास्त प्रेम. पहाटेच्या रिकाम्या चौकातही लाल दिव्याला स्कूटर थांबवायचे आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्याला विचारायचे, "आपण अग्निशामक दलात आहात का?"

सख्ख्या धाकट्या भावाशी ते स्वतःच्या लग्नापासून बोलत नव्हते. काकांनी हौसेनं मंगलाष्टकं रचली होती. ती म्हणायला घेतली आणि अंतरपाटामागून नवरदेवाचा आवाज आला, "दुसऱ्या ओळीत वृत्त चुकलंय." काका मुठीतल्या अक्षता खाली ठेवून निघून गेले. दोघांची घरं एकाच पेठेत, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. मी चाळिशीला आले, तरी काकांशी एक वाक्य बोलले नव्हते. वर बाबांचा हुकूम होता, "माझ्या तेराव्याला त्याला बोलावलंस, तर मी उठून जाईन."

आई आधीच गेली होती. मागच्या महिन्यात बाबाही गेले, म्हणून मी बंगळूरहून आले. नवव्या दिवशी त्यांचं वाचनालयाचं पुस्तक परत करायला गेले. मुदत उलटली असती, तर त्यांनी वरूनही खरमरीत पत्र धाडलं असतं. पुस्तकात खूण म्हणून त्यांची पेन्सिल होती.

ग्रंथपाल बाईंनी वर्तमानपत्रांची चळतच माझ्यापुढे ठेवली. "बघा वडिलांचे प्रताप. 'अंकातील शब्दकोडे सोडवू नये' अशी पाटी आहे भिंतीवर. हे आठला येऊन आडवे शब्द भरायचे, पेन्सिलीनं. नऊला तुमचे काका येऊन उभे भरायचे, शाईनं. वर्षानुवर्षं! एकमेकांना नमस्कारसुद्धा नाही. रागावून रागावून मीच थकले."

मला हसू आलं आणि मग तिथेच, बाईंसमोर, रडू फुटलं. नियमांचा हा पुतळा रोज सकाळी चोरी करत होता, तीही भावाला सामील करून! गेल्या नऊ दिवसांच्या अंकांत नुसते उभे शब्द होते. काकांनी आडव्यांना हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आठला मी बाबांची पेन्सिल घेऊन बसले. आडवे शब्द भरले आणि समासात लिहिलं, "काका, शुक्रवारी बाबांचं तेरावं. घरी या." संध्याकाळी जाऊन पाहिलं, तर माझे तीन शब्द शाईनं खोडलेले. खाली शेरा होता, "तयारी कमी. येतो."

शुक्रवारी काका आले. बाबांसारखंच नाक, बाबांसारखाच घुश्शातला चेहरा. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फोटोसमोर मांडी घालून बसले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"दादा," ते म्हणाले, "दुसऱ्या ओळीत चुकलंच होतं. म्हणतानाच कळलं होतं मला."

बाबा काही उठून गेले नाहीत.