प्रिंटर कुणाच्या गटात

दूध डेअरीच्या कचेरीत तिला सगळे तारवाली म्हणत. हे नाव तिनं कमावलेलं होतं. डेअरीत संगणक आले तेव्हा पहिली केबल तिनंच ओढली, शिडीवर चढून, बाह्या सारून. शिकवायला कुणी नव्हतं. तुटलं की जोडायचं, अडलं की पुन्हा वाचायचं, असं करत करत ती इतकी तयार झाली, की कुठल्या टेबलाची तार भिंतीतून कशी वळत येते हे डोळे मिटून सांगावं.

अशा बाईला मत्सर शिवू नये. पण शिवला, आणि तो तिनंच बोट धरून आणला.

धाकट्या दिराची बायको घरी बसून कंटाळली होती. तारवालीनं साहेबांकडे शब्द टाकला आणि धाकट्या जावेला दूध तपासायच्या प्रयोगशाळेत लावून दिलं. धाकटी कामाला चोख, बोलायला त्याहून चोख. टँकर दारात लागला की ती नमुना तपासायची. पण अहवालाचा कागद निघायचा तो तारवालीच्या खोलीत, कारण डेअरीत प्रिंटर तेवढाच. मग धाकटी कागद न्यायला यायची, आणि कधी रिकाम्या तोंडानं यायची नाही.

"ताई, आज टँकरवाला मला विचारतो, दुधात पाणी किती निघालं? म्हटलं, तुम्ही घातलं तेवढंच!"

खोलीत खसखस पिकायची. शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनीसबाई तर डोळे पुसत हसायच्या. तारवालीचा आणि त्यांचा डबा किती वर्षांपासून एकत्र उघडत होता. आता त्या डब्यातला पहिला घास धाकटीसाठी निघू लागला.

"घे गं, उभ्या उभ्या का होईना, घे."

तारवाली पडद्याकडे बघत राही. माझ्या बोलण्यावर ही बाई कधी अशी हसली होती का? घरात सासू धाकटीचे गोडवे गाते, ते सोसलं. ही खोली मात्र माझी होती, आणि ही मैत्रीणही.

त्याच सुमारास साहेबांनी तिला बोलावलं. "पाहुण्यांचे मोबाइल, कॅमेरे, प्रयोगशाळा, कचेरी, सगळं एकाच जाळ्यात गुंतलंय. वेगवेगळं करा."

"नव्या तारा ओढू?"

"तारा नकोत. नवा स्विच आलाय, त्यात व्हीलॅन करता येतात म्हणे."

स्विच म्हणजे सगळ्या तारा जिथं येऊन मिळतात ती पेटी, आणि तार खोवायचं तिचं एकेक भोक म्हणजे पोर्ट. तारवालीनं पुस्तिका काढली आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला घेतली. तार तीच, पेटी तीच. पण कुठल्या पोर्टचं बोलणं कुठल्या पोर्टला ऐकू जावं, हे आपण ठरवायचं. पोर्टांचे गट पाडायचे, तेच व्हीलॅन.

"म्हणजे नेमकं काय गं?" हिशेबनीसबाईंनी विचारलं.

"एका घरात दोन चुली. मधे भिंत नाही, पण हिचा धूर तिच्याकडे जात नाही."

"आमच्याच घरासारखं की! फक्त आमच्याकडे धूर जातो."

पहिल्यांदा गट नीट पडले. तेवढ्यात वीज गेली, आली, आणि स्विच सगळं विसरून बसला. बदल जतन करायचा राहून गेला होता. तारवालीनं कपाळावर हात मारला आणि पुन्हा पहिल्यापासून गट पाडले.

प्रिंटरपाशी मात्र तिचं बोट थांबलं. तो कुठल्या गटात ठेवायचा? सामाईक प्रिंटर असेल तर गटागटांना जोडणाऱ्या राउटरमधून दुसऱ्या गटासाठी वाट खुली करा, असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं. तिनं ते वाचलं. प्रिंटर कचेरीच्या गटात टाकला, वाट खुली केली नाही, आणि या वेळी न विसरता जतन केलं.

धाकटी धावत आली. "ताई, कागदच निघेना!"

"निघणार नाही. सुरक्षिततेचा नियम आहे."

"कुणाचा?"

"स्विचचा."

"भलताच खडूस दिसतोय तुमचा स्विच." हिशेबनीसबाई यावरही हसल्या.

टँकर खोळंबायला लागले, तसा साहेबांनी प्रयोगशाळेला छोटा प्रिंटर आणून दिला. धाकटीचं येणं बंद झालं. तारवालीला वाटलं, जिंकले.

मग एक दिवस हिशेबनीसबाई डबा काखेत मारून उठल्या. "नमुन्यांचा हिशेब बघून येते जरा." परतल्या तेव्हा गालांवर हसू अजून ओलं होतं.

"काय झालं एवढं?"

"काही नाही गं. तिथलंच आपलं."

ते 'तिथलंच' तारवालीच्या काळजात काट्यासारखं रुतलं. दुसऱ्या दिवशीही डबा तिकडेच गेला. इथं हसत होत्या तेव्हा निदान कशाला हसतात ते कळायचं. आता माझ्यावरच हसत असतील? धडधाकट केबल तपासायच्या निमित्तानं ती प्रयोगशाळेत गेली. दार ढकललं आणि हसणं थांबलं.

"या ना ताई, बसा," धाकटी म्हणाली. पाहुणीला म्हणावं तसं.

ती बसली नाही. आपल्या टेबलाशी परतली. धाकटीला 'ये' म्हणावं, तर तो शब्द काही केल्या तोंडातून निघेना. मग जे तिला जमत होतं ते तिनं केलं. प्रयोगशाळेच्या प्रिंटरचं पोर्ट उचलून कॅमेऱ्यांच्या गटात टाकलं, आणि आपल्या प्रिंटरकडची वाट खुली केली.

थोड्या वेळानं फोन वाजला. "ताई, आमचा प्रिंटर रुसला हो."

"बघते सवडीनं. तोवर तुझे कागद माझ्याकडे येतील. सोय केलीय."

"आणि तो नियम?"

"स्विचची समजूत काढली."

कागद सरसरत बाहेर आला आणि त्याच्यामागून धाकटी आली. हिशेबनीसबाईंनी लगेच आपली खुर्ची पुढे केली, डबा उघडला, आणि पहिला घास जिथं जायचा तिथंच गेला. तारवालीचा पुन्हा जळफळाट झाला, पहिल्यासारखाच. एवढंसं पोर्ट बदललं तर ही बया परत प्रयोगशाळेत जाईल. हात कळफलकावर गेलाही.

"ताई, आज काय झालं माहितेय का? तो टँकरवाला..." धाकटी घास गिळत म्हणाली.

वर दिवा लुकलुकला. वीज जाणार असं दिसत होतं. तारवालीनं घाईघाईनं वाट खुली केल्याचा तो बदल स्विचमध्ये जतन केला, आणि खुर्ची त्या दोघींकडे वळवली.

"काय म्हणाला टँकरवाला?"