सीटखालची छत्री

कोपरीत आमच्या चाळीसमोर गाड्यांचं वायरिंग दुरुस्त करणारा एक माणूस बसतो. बिघाड तो नुसता सांगत नाही, गिऱ्हाइकाला दाखवतो. कोणी घाई केली तर म्हणतो, "आधी बघा, मग बोला."

परवा एक मोठी गाडी आली. बटण दाबलं तरी तिची पुढची सीट सरकत नव्हती. मालक ड्रायव्हरवर भडकला होता. "यानेच मोडली. दिवसभर पाय पसरून झोपतो. उद्यापासून येऊ नको."

आमच्या माणसाने फ्यूज तपासला. मग सीटखालच्या मोटरला बॅटरीवरून थेट करंट दिला, तशी ती गुरगुरली.

"मोटर ठणठणीत आहे. वायर तुटलीय." टॉर्च घेऊन तो आडवा झाला. "साहेब, खाली वाका."

"तू सांग ना."

"उभ्याने दिसत नाय."

इस्त्रीची पँट सावरत मालक गुडघ्यांवर बसला. मागच्या सीटवरून कोंबलेल्या छत्रीने वायर सीटच्या रुळात ढकलली होती आणि सीट सरकताना ती कापली गेली होती.

"छत्री कोणाची?" आमच्या माणसाने विचारलं.

"माझी," मालक म्हणाला.

तो उठला. ड्रायव्हरला म्हणाला, "उद्या वेळेवर ये."

वायर जोडता जोडता, मान वर न करता, आमच्या माणसाने विचारलं, "आणि?"

मालक ड्रायव्हरकडे वळला. "चुकलं माझं," तो म्हणाला.

हल्ली घरी कोणी पाहुणा आला की मी त्याला आधी खिडकीपाशी नेतो आणि समोर बसलेला हा माणूस दाखवतो.