त्रेपन्नावं घर

अर्लीन पिएरला भीती वाटली की हसू यायचं. साधं हसू नव्हे. खांदे गदगदायचे, डोळ्यांना पाणी यायचं. सासऱ्याच्या दफनालासुद्धा ती अशीच हसत होती आणि नवरा इझिडोर तिला कोपरानं ढोसत होता. पुढे त्या दोघांचं फाटलं, पण ते वेगळ्याच कारणांनी.

उभी हयात तिनं वणवा विझवणाऱ्या टोळ्यांना जेवू घातलं. साठीनंतर गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा ती अमेरिकेतल्या आपल्या आदिवासी जमातीच्या कचेरीत आपत्ती विभागाच्या टेबलावर येऊन बसली. इझिडोर तोवर जमातीचा अध्यक्ष झाला होता.

"मी तुला साहेब म्हणणार नाही," तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"नको म्हणूस. माझं कधी ऐकलंयस?"

त्या ऑगस्टमध्ये वणवा तीन दिवसांत डोंगरावरून थेट नदीपर्यंत उतरला. सगळे वेळेवर पाण्याकडे पळाले, म्हणून माणूस एकही गेला नाही. घरं मात्र गेली. पूर्वी अशा वेळी मदतीची मागणी राज्याच्या गव्हर्नरमार्फत जायची. एका वर्षी तो कागद कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिला आणि उत्तर आलं तेव्हा अंगणात गुडघाभर बर्फ होतं. आता कायदा बदलला होता. जमातीचा अध्यक्ष स्वतः राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहू शकत होता, मध्ये कुणीही नाही. अट एवढीच, की तीस दिवसांच्या आत.

अर्लीन आणि तिची भाची रोवीना राखेतून दारोदार हिंडल्या. दारं नव्हतीच म्हणा. लोक नुकसान सांगायला लाजत होते. म्हातारा ऑगस्टीन कोळशाच्या ढिगात उभा राहून म्हणाला, "माझं काही विशेष नाही गं, शेजाऱ्यांचं लिही."

"काका, तुमचं छप्पर कुठंय?"

"तेवढं सोडून म्हणतोय मी."

अर्लीनला त्या ढिगातच बसून हसावं लागलं. ऑगस्टीनही हसायला लागला. मग त्यानं एकेक करून सगळं सांगितलं.

तिसाव्या दिवशी सकाळी पत्र तयार झालं. बावन्न घरांची यादी, फोटो, नकाशे, सगळं जागच्या जागी. फक्त अध्यक्ष जाग्यावर नव्हता. आदल्या दिवशी तो उत्तरेच्या न जळलेल्या उतारावर हकलबेरीची जांभळी रानफळं वेचायला गेला होता आणि अजून परतला नव्हता. तिथं फोन लागत नाही. पत्र घेणारी वॉशिंग्टनची कचेरी तिथल्या पाचला बंद होते, म्हणजे इथले दोन.

रोवीनानं पिकअप काढला. तो रस्ता म्हणजे नुसते खड्डे. प्रत्येक खड्ड्याला अर्लीनचं हसू आणखी वर चढत होतं.

"मावशे, हसू नकोस. मला रस्ता दिसेनासा होतो."

"मी कुठं हसतेय? गाडीच हलतेय."

वर इझिडोर आपल्या गाडीच्या दोन पंक्चर चाकांशेजारी निवांत बसला होता. मांडीवर बादली, तोंड जांभळं, हात कोपरापर्यंत जांभळे, करवंदं खाल्लेल्या पोरासारखे.

"सही कर," अर्लीननं कागद पुढे धरले.

"लग्नाच्या कागदाला एवढी घाई केली नव्हतीस."

"तेव्हा अक्कल होती. कर."

पण वाचल्याशिवाय तो कधीच सही करत नसे. त्यानं यादीवरून बोट फिरवलं, पुन्हा वरून खाली फिरवलं आणि थांबला.

"तुझं घर कुठंय यात?"

अर्लीननं रोवीनाकडे पाहिलं. रोवीनानं मावशीकडे. महिनाभर मावशी तिच्याच बाहेरच्या खोलीत झोपत होती आणि दोघींपैकी एकीच्याही ते लक्षात आलं नव्हतं. अर्लीनचं घर पहिल्याच दुपारी जळालं होतं. ती तेव्हा नदीकाठी दोनशे माणसांसाठी जाड पुऱ्या तळत होती.

हसू आलं, पण या वेळी ते मध्येच तुटलं. ती पिकअपच्या पायरीवर बसली.  मूठभर फळं इझिडोरनं तिच्या ओंजळीत घातली आणि खिशातून पेन काढलं.

"बावन्न नाही, त्रेपन्न. आधी लिही. मग सही."

"वेळ नाहीये, इझी."

"मग पटकन लिही."

बोनेटवर कागद ठेवून तिनं आपलंच नाव लिहिलं. मागच्या पानांवरच्या आकड्यांतही दुरुस्ती केली. त्यानं सही ठोकली आणि त्याखाली अंगठ्याचा जांभळा ठसाही आपोआप उमटला. तिघं एकाच सीटवर कोंबून बसले, बादली त्याच्या मांडीवर. उतरताना फळं उडून सगळ्यांच्या केसांत गेली, आणि आता रोवीनालाही हसू आवरेना.

दोनला वीस मिनिटं कमी असताना पत्र स्कॅन होऊन ईमेलनं गेलं. थोड्याच वेळात वॉशिंग्टनहून एका बाईचा फोन आला. आवाज काळजीचा होता. "शेवटच्या पानावर रक्त आहे का? सगळे बरे आहात ना?"

अर्लीनला बोलता येईना. रोवीनानं फोन घेतला. "नाही बाई, फळं आहेत ती. मावशी बरी आहे. ती हसतेय."

मंजुरी आली तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता आणि बर्फ अजून पडायचं होतं. बातमी ऐकून कचेरीत माणूस मावेना. ऑगस्टीननं ढोल आणला, कुणीतरी टेबलं भिंतीला सरकवली, आणि जिला गुडघ्यांमुळे जिना चढवत नसे ती अर्लीन तीन गाणी नाचली. चौथ्याला इझिडोरनं हात पुढे केला.

"यात काही अर्थ काढू नकोस," ती म्हणाली.

"काढत नाही," तो म्हणाला, आणि दोघं नाचायला लागली.