सात जणांची पकड

सखारामचा आवाज असा, की माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जावा. राजापूरच्या एसटी डेपोत जन्मभर इंजिनांशी ओरडून बोलल्यावर दुसरं काय होणार! दर माघात देवळापुढच्या मैदानावर कबड्डीचे सामने भरत, आणि अंतिम सामन्याआधी तो आपल्या धाकट्या भावाची गोष्ट सांगे.

"बाबू चढाईला गेला. सात जणांनी धरला. सात! पण पठ्ठ्यानं दम सोडला नाय. तोंडात कबड्डी, हात रेषेवर, आणि तिथंच प्राण गेला!"

बायका डोळ्यांना पदर लावत. पोरं शिट्टी मारायची विसरत. अठरा वर्षं हेच चाललं होतं.

बाबू गेला तेव्हा त्याची अक्षया सहा महिन्यांची होती. ही गोष्ट ऐकत ती रांगली, चालली आणि एक दिवस मैदानात उतरली. डेपोतली पाळी संपली की हातांचं ग्रीस धुऊन सखाराम तिला शिकवायला येई. आता ती राज्याच्या संघाच्या उंबरठ्यावर होती. तपासणीच्या कागदावर डॉक्टरची सही तेवढी हवी होती.

पंधरा दिवसांमागे सरावात ती चढाईवरून परतताना कोसळली. मिनिटभरात उठली, हसलीही.

"कुणाचा तरी गुडघा लागला," सखाराम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. ते इतक्या चटकन तोंडून निघालं, की त्याच्या अंगावर काटा आला.

तपासणी राजापुरातल्याच एका दवाखान्यात होती. ईसीजी काढून अक्षया बाहेर आली.

"तात्या, किती त्या वायरी! मला वाटलं, मी तुमची बंद पडलेली एसटीच."

"गप गो. माझी एकही गाडी बंद पडली नाय कधी."

"म्हणून तर पाशिंजर धक्का मारायचे!"

डॉक्टर योगिनी मात्र हसल्या नाहीत. त्या हातातली कागदाची पट्टी बघत होत्या. फार वेळ बघत होत्या.

"काका, सरावानं खेळाडूंचं हृदय थोडं बदलतं, त्यांची पट्टी निराळी येऊ शकते. पण काही घराण्यांत हृदयाची भिंतच जाड होत जाते, आणि ऐन धावपळीत ठोका बिघडतो. पट्टीवर कधीकधी दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून विचारते. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय?"

"माझे बाबा," अक्षयाने मान ताठ केली. "पण ते मैदानावर गेले. सात जणांच्या पकडीत."

"म्हणजे मार लागून. आणि तू कधी बेशुद्ध पडलीस?"

"एकदा. गुडघा लागला होता."

डॉक्टरांनी मान डोलावली. पेन कागदावर खाली खाली सरकत सहीच्या जागेकडे निघालं.

सखारामला ती संध्याकाळ दिसू लागली. तो पलीकडच्या रेषेवर उभा होता. बाबू गडी बाद करून सुटला होता, मोकळाच परत येत होता. त्याला कोणी धरलंसुद्धा नव्हतं. मध्येच त्याचे गुडघे दुमडले. पाठलागावरचे सातही जण मग त्याच्यावर कोसळले, धुळीत गावाला तेवढंच दिसलं. रात्री बायका कुजबुजू लागल्या, कसली तरी बाधा, नाहीतर सूनच पांढऱ्या पायाची. कोपऱ्यात सावित्री, बाबूची बायको, पोर छातीशी धरून बसली होती. तेव्हा सखाराम ओसरीवर उभा राहिला आणि त्याने पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली. कुजबूज थांबली. सावित्री त्या घरात मानाने राहिली.

आणि आज त्याच गोष्टीवर सही होणार होती.

"डॉक्टर, थांबा." मैदान भरून टाकणारा तो आवाज टेबलापलीकडे जेमतेम पोचला. "बाबूला कोणी धरला नव्हता. तो एकटाच पडला. बाकीचे नंतर त्याच्या अंगावर पडले."

पेन थांबलं. अक्षया सखारामकडे वळली.

"आणि माझ्या वेळी, तात्या?"

"तुझ्या आसपासही कोणी नव्हतं, बाय."

डॉक्टरांनी तो कागद खणात टाकला. "आजपासून सराव बंद. धावायचं नाही, चढणसुद्धा सावकाश. आजच रत्नागिरीला जाऊन इको करा, मी फोन करून ठेवते. निदान झालं तर उपाय आहेत. पण तोवर जपायचं. आणि काका, एकाच रक्ताचे तुम्ही सगळे. तपासणी सगळ्यांनीच करायची."

रस्ताभर अक्षया एकच वाक्य बोलली. "आईला म्हायत आहे?"

"नाय."

दोघं डेपोत शिरली तेव्हा रत्नागिरीची गाडी फलाटावरून हलत होती. अक्षयाने पिशवी काखेत मारली आणि सवयीने धूम ठोकली.

"थांब!"

अख्खा डेपो वळून बघू लागला. वडे तळणाऱ्याचा झारा हवेतच राहिला. अक्षया दहा पावलांवर जागच्या जागी उभी होती. गाडी धूर सोडत वळणाआड गेली.

सखाराम जवळ आला. हात पुढे केला, पण तिला लावायचं धैर्य होईना.

"पुढची कधी?" तिने विचारलं.

"पाऊण तासानं."

दोघं बाकावर टेकली. तिच्या कपाळावर घाम होता. ऊन होतं, घाम यायचाच. सखारामने नजर वळवली आणि लगेच पुन्हा पाहिलं.