येडशीला सोडलेली गाडी

गेल्या पौषातला एक रविवार. लातूर ते धाराशिव, दोन तिकिटांचे चाळीस रुपये मी दिले. निघालो दोघेच: मी आणि माझा मेहुणा विनायक. धाराशिवला आमचं काहीही काम नव्हतं. या मार्गावर विजेच्या तारा ओढून झाल्या आहेत. पॅसेंजरचं जुनं डिझेल इंजिन कधी काढतील याचा नेम नाही. ते स्टेशनातून निघतानाचा आवाज टिपायला विनायक पुण्याहून आला होता.

"दाजी, आवाज वाटेतल्या येडशी स्टेशनात घेऊ. तिथं गर्दी नसते."

येडशीला तो मोबाइल घेऊन इंजिनाजवळ उभा राहिला. भोंगा झाला, काळा धूर निघाला, गाडी हलली. विनायक हलला नाही. निघालेली गाडी टिपायची तर आपण तिच्यात नसावं लागतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. आमचा डबा त्याच्यासमोरून जाताना मी खिडकीतून ओरडलो. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

लातुरात खवा विकून परतणाऱ्या भूमच्या एक मावशी शेजारी होत्या. "पाव्हणं खालीच ऱ्हायलं की!"

"इंजिनाचा आवाज घेतोय तो."

"आवाजच पायजे तर तेरखेड्याच्या फटाका कारखान्यावर जावा म्हणावं. पायजे तेवढे बार काढून देतेत!"

अख्खा डबा हसला. उरलेला खवा मावशींनी माझ्या तळहातावर ठेवला.

धाराशिवला विनायक तासाभराने जीपने पोचला, चेहरा फुललेला. गुलाबजाम मागवून आम्ही व्हिडिओ लावला. भोंगा छान आला होता. पुढे इंजिन नाहीच, नुसता मी: "विन्या, चढ की! अरे, तुझं तिकीट माझ्याकडंय!"

त्याने मोबाइल खिशात टाकला. त्याचा गुलाबजाम तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पुण्यात कामावर हजर व्हायचं होतं.

परतीच्या गाडीलाही तेच इंजिन होतं. येडशी आली तरी विनायक बसूनच. मी उठलो.

"ऊठ, उतरू."

"दाजी, तिकीट लातूरचं आहे."

"माहीत आहे. मीच काढलंय."

फलाटावर विनायकने मोबाइल धरला. इंजिन धडधडलं ते थेट पोटात जाणवलं. धुराने शिंक आली. रुमाल तोंडात कोंबून मी ती गिळली. शेवटचा डबा वळणाआड गेला, तरी आम्ही दोघे गप्प.

बाहेर जीपवाला उभा होता. "गाडी चुकली व्हय, काका?"

मी नुसती मान डोलावली. विनायक म्हणाला, "नाही, सोडली."

वाटेत त्याने तो आवाज चार वेळा ऐकवला. जीपवाला म्हणाला, "असाच तर आमच्या जीपचाबी येतोय की!"

लातुरात जीपवाल्याला दोनशे रुपये दिले. घासाघीस केली नाही. येडशीच्या फलाटावर लागलेली तोंड बंद ठेवायची सवय अजून मोडली नव्हती.