ढकलायची सायकल

दहा वर्षं मी सायकल ढकलली. चालवली नाही, ढकलली. राइस मिलचा दिवाणजी, म्हणजे हिशोबनीस, आणि गावात बी.कॉम. झालेला पहिला माणूस, रोज सकाळी हँडल धरून सायकलच्या शेजारून मिलपर्यंत पायी जायचा. कुणी विचारलं तर कधी चाकात हवा नसायची, कधी डॉक्टरनं चालायला सांगितलेलं असायचं. खरं एवढंच होतं, की मला सायकल येत नव्हती.

माझा बाप तलावावर जाळं टाकायचा. आमच्या घरात सायकल नव्हतीच, तर शिकणार कशावर? चंद्रपूरला कॉलेज एसटीच्या पासावर झालं. नोकरी लागल्यावर शेठजींनी खूश होऊन मिलची एक जुनी बाविशी, म्हणजे बावीस इंची, सायकल दिली. तेव्हाच सांगून टाकायचं ना! पण एवढा शिकलेला माणूस हमालांसमोर धडपडणार कसा? मी "वा, छान आहे," म्हणालो आणि ढकलत घरी आणली. हे गुपित फक्त बायकोला माहीत होतं.

मग पोरगी सातवी पास झाली. आठवीची शाळा पाच किलोमीटरवर, रस्ता सागवनातून, आणि एसटी यायची दुपारी. सायकल येणाऱ्या तीन पोरी पुढे शिकत होत्या, बाकीच्या घरी बसल्या होत्या. जूनपर्यंत शिकली तर शाळा, नाही तर रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, चला, असा सरळ मामला होता.

"मीच शिकवतो," मी म्हणालो. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. "शिकवा ना. पाह्यतो मी बी."

मिलच्या मागे उकडलेलं धान वाळवायचं सिमेंटचं मोठं अंगण आहे. मे महिन्यात उन्हं चढायच्या आत आम्ही तिथे जायचो. मी कागदावर नीट क्रम लिहून नेला होता: आधी डावा पाय, मग तोल, मग नजर समोर. पोरीनं दांडीखालून पाय घालून कैची मारायची आणि मी मागचं कॅरिअर धरायचं. पण माझा स्वतःचाच जीव असा मुठीत, की ती जराशी पुढे गेली की मी कॅरिअर मागे खेचायचो. ती धाडकन पडायची. वर मीच ओरडायचो, "नजर कुठी आहे तुयी?"

"बाबा, एक डाव चालवून दाखवा ना."

"माही पाठ दुखून राह्यली."

आठ दिवसांत तिचे दोन्ही गुडघे सोलून निघाले. नवव्या दिवशी तिनं सायकल आपटली. "मले नाई येत. सगळ्याईले येते, मलेच नाई येत. मी नाई जात शाळेत. घरीच राह्यतो."

धान पायानं चाळवणाऱ्या बाया थांबल्या. त्यांतली एक म्हणाली, "दिवाणजी, तुमीच मारा ना एक चक्कर. पोरीले समजन तरी."

थाप तोंडाशी तयार होती. पण पोरीचं रडवेलं तोंड पाहिलं आणि माझ्या शिक्षणाची, इज्जतीची मलाच शिसारी आली.

"मलेबी येत नाई," मी म्हणालो.

"मंग रोज सायकल घेऊन येता ते?" एका हमालानं विचारलं.

"ढकलत आणतो."

अंगणभर असा हशा उसळला की विचारू नका! पोरगी मात्र हसली नाही. जवळ आली आणि हळूच म्हणाली, "खरंच नाई येत?"

"नाई."

"पडाले भेता?"

"लय भेतो."

तिनं फ्रॉकनं नाक पुसलं, सायकल उभी केली. "बसा. मी धरतो."

चाळिशीचा मी, सगळ्यांदेखत सीटवर चढलो. पाच-सात हात गेलो असेन. मग थेट धानाच्या ढिगात. कानात धान, सदऱ्यात धान, चष्मा कुठे गेला पत्ता नाही. आता मात्र पोरगी पोट धरून खाली बसली, हसता हसता तिला उचकी लागली. मग उठली, ढिगातून सायकल ओढून काढली, दांडीखालून पाय घातला आणि कुणी न धरता अख्ख्या अंगणाला चक्कर मारून आली. बापापेक्षा वाईट पडणं शक्य नाही, हे तिच्या ध्यानात आलं असावं. बाया टाळ्या वाजवत होत्या आणि मी धानात बसून वेड्यासारखा रडत होतो.

शाळा उघडली त्या दिवशी ती तिघींच्या मागे निघाली. दप्तर कॅरिअरला बांधलेलं, पाय अजून दांडीखालूनच. वळणावर दिसेनाशी झाली तरी मी उभाच होतो. मग मिलकडे निघालो. दहा वर्षांत पहिल्यांदा दोन्ही हात रिकामे, आणि त्यांचं काय करावं तेच सुचेना.

पानठेल्यावरून कुणीतरी हाक मारली, "दिवाणजी, आज सायकल कुठी?"

"आठवीत गेली," मी म्हणालो.